पंचगंगा नोंदी: बरगे घातल्यापासून काढेपर्यंत

१८ ऑक्टोबर

बंधाऱ्यांवर बरगे, म्हणजे पाणी अडवायच्या आडव्या फळ्या, घालायला सुरुवात झाली. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्याला दारं नसतात. खांबांना खाचा असतात, त्यांत एकावर एक बरगे रचायचे, दोन ओळींच्या मधल्या पोकळीत माती ठासायची की पाणी तुंबलं. पावसाळ्यात नदी मोकळी वाहते. आजपासून मेअखेरपर्यंत मात्र ती एकाखाली एक अशी तळीच आहेत. उसाला पाणी उपसायचं तर हे लागतंच, त्यावर माझं काही म्हणणं नाही. प्रश्न इतकाच की आमच्या हातातली सॅम्पलिंगची, म्हणजे पाण्याचे नमुने घेण्याची, पद्धत वाहत्या पाण्यासाठी लिहिलेली आहे.

आमचा प्रकल्प पंचगंगेच्या पाण्याचा दर्जा तपासण्याचा. त्याची हद्द: प्रयाग चिखलीचा संगम ते नृसिंहवाडी, जिथे पंचगंगा कृष्णेला मिळते. साधारण ८० किलोमीटर. कुंभी, कासारी, तुळशी आणि भोगावती या चार नद्या वरून येतात. पाचवी सरस्वती गुप्त आहे, त्यामुळे तिचं सॅम्पल घ्यावं लागत नाही.

अहवाल मंजूर होईपर्यंत ठिकाणाच्या नावानिशी आकडे बाहेर द्यायचे नाहीत अशी अट आहे. म्हणून या वहीत सगळीकडे ‘बंधारा १’, ‘बंधारा २’ असंच लिहीन.

२४ ऑक्टोबर

नवी प्रोजेक्ट असिस्टंट रुजू झाली. एम.एस्सी. पर्यावरणशास्त्र, मार्क चांगले, पण बीओडीची (पाण्यातली घाण कुजायला किती प्राणवायू लागतो ते मोजायची) बाटली पाण्यात कधी बुडवलेली नाही. पहिला धडा घाटावरच घेतला.

बाटलीचं तोंड प्रवाहाच्या विरुद्ध दिशेला. बाटली पाण्याखाली तिरकी धरून हळू भरायची, आत एकही बुडबुडा राहता कामा नये. आधी मँगनस सल्फेट, मग अल्कली-आयोडाइड-अझाइड, दोन्ही वेळा पिपेटचं टोक पाण्याच्या पातळीखाली. बूच लावून बाटली उलटसुलट करायची. साका (तळाशी बसणारा गाळ) तपकिरी आला तर पाण्यात प्राणवायू आहे. जितका गडद तितका जास्त. साका पांढराच राहिला तर नाही. पुढे आम्ल घालून तो विरघळवायचा, स्टार्च टाकून थायोसल्फेटने टायट्रेशन करायचं, निळा रंग गेला की आकडा लिहायचा. पण खरी बातमी काठावरच त्या साक्याच्या रंगात कळते.

तिने विचारलं, पाण्यात बुडवला की थेट आकडा दाखवणारा प्रोब असताना हे कशाला? प्रोब रोज वापरतोच. पण प्रोबच्या टोकावर शेवाळाचा थर चढला तरी तो निमूटपणे आकडा दाखवत राहतो. त्याला खोटं पाडायला या साक्याच्या पद्धतीची, म्हणजे विंकलरची, एक बाटली सोबत हवीच.

७ नोव्हेंबर

आमचं वेळापत्रक नदी ठरवत नाही, इन्क्युबेटर (बाटल्या ठरावीक तापमानाला ठेवायची पेटी) ठरवतो. भारतीय पद्धतीत बीओडी २७ अंश सेल्सियसला ३ दिवस ठेवतात (जुनी ५ दिवसांची पद्धत २० अंशांची). सोमवारी लावलं तर गुरुवारी रीडिंग, मंगळवारी लावलं तर शुक्रवारी. गुरुवारी लावलं तर रीडिंग रविवारी येतं, आणि रविवारी लॅबला कुलूप. म्हणून सॅम्पल सोमवारी नाहीतर मंगळवारी. कोलिफॉर्म (मैल्यातले जिवाणू) तपासायच्या निर्जंतुक बाटल्या बर्फात ठेवून त्याच दिवशी लॅबला पोहोचवाव्या लागतात, म्हणून दुपारपर्यंत परत फिरायचं. कोल्हापुरातून गाडी नऊला निघते, त्यामुळे पहिल्या बंधाऱ्यावर दहा, खालच्यावर अकरा-साडेअकरा. महिन्यातून एकदा.

म्हणजे वर्षभराचा ‘पंचगंगेच्या पाण्याचा दर्जा’ हा खरं तर आठवड्याच्या सुरुवातीच्या, उन्हं वर आल्यावरच्या पाण्याचा दर्जा आहे. कुणी मुद्दाम असं ठरवलेलं नाही. गाडी, लॅबची वेळ, सुट्ट्या यांतून ते आपोआप ठरत गेलंय. तक्त्यात तारखेचा रकाना आहे, वेळेचा नाही. आजपासून आमच्या वहीत तरी वेळ लिहायची.

२१ नोव्हेंबर

बंधारा ४. डीओ, म्हणजे पाण्यात विरघळलेला प्राणवायू, पाचच्या वर, म्हणजे आंघोळीच्या निकषात बसणारा. सीपीसीबीच्या (केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या) वर्गवारीत आंघोळीच्या पाण्याला किमान ५ मिलिग्रॅम प्रति लिटर लागतो, मासे जगायला किमान ४. तक्त्यात हिरवा रंग भरला गेला.

होडीवाले मामा जाळं सुकवत बसले होते. त्यांना आकडा सांगितला. ते म्हणाले, “मॅडम, तुमी येताय अकराला. मासं मरतंय पाचला. तुमची आनि त्येची गाठ कशी पडायची?”

गाडीत बसल्यावर असिस्टंट म्हणाली, मामांचं बरोबर आहे का? बरोबरच आहे. हे पुस्तकातही आहे. फक्त आपल्या वेळापत्रकात नाही.

१३ डिसेंबर

भोगावतीवर, राधानगरीच्या बाजूला, खडकाळ प्रवाहात संदर्भ ठिकाण पक्कं केलं. नदी बिघडली म्हणायचं तर न बिघडलेली कशी असते हे आधी नोंदवायला हवं.

इथलं काम मला सगळ्यात आवडतं. जाळी प्रवाहात उभी धरायची, तिच्या वरच्या अंगाचे दगड पायाने ढवळायचे, जे वाहून येईल ते पांढऱ्या ट्रेमध्ये ओतायचं. पहिल्याच ट्रेमध्ये हेप्टाजेनिडी कुळातल्या मेफ्लायच्या अळ्या. चपट्या, दगडाला चिकटून राहणाऱ्या, बाजूने भराभर सरकणाऱ्या. यांना भरपूर प्राणवायू लागतो. पाण्यातल्या किड्यांवरून नदीचा दर्जा ठरवायच्या बीएमडब्ल्यूपी तक्त्यात या कुळाला १० पैकी १० गुण आहेत. कॅडिसफ्लायच्या अळ्याही होत्या, वाळूचे कण जोडून केलेल्या घरकुलांसकट. त्याच जाळीने परवा बंधारा ४ च्या काठचा गाळ काढला होता, तर त्यात लाल कायरोनोमिड अळ्या आणि बारीक गांडुळवर्गी किडे, दुसरं काही नाही. त्यांचे गुण अनुक्रमे २ आणि १. कायरोनोमिडचा लाल रंग हिमोग्लोबिनचा. जिथे प्राणवायू जेमतेम तिथे त्यावर निभावतात.

तक्ता मूळचा ब्रिटनच्या नद्यांसाठी केलेला. काही कुळं इथे नाहीत, काही इथली त्यात नाहीत, म्हणून मी गुणांच्या बेरजेवर फार विसंबत नाही. पण कोणती कुळं आहेत आणि कोणती नाहीशी झालीत हे कुठल्याही तक्त्याशिवाय दिसतं. पाण्याचं सॅम्पल त्या क्षणाचं असतं. किडे म्हणजे नदीचा सातबारा. मागच्या कित्येक महिन्यांच्या नोंदी त्यात उतरलेल्या असतात, आणि पहाट त्यातून वगळता येत नाही.

असिस्टंटला अळ्या ओळखता यायला लागल्या. आज पहिल्यांदा ती ‘मॅडम, अजून एक ट्रे करूया’ म्हणाली.

१६ जानेवारी

ब्लँक (नुसत्या शुद्ध पाण्याच्या बाटलीचा आकडा) जास्त येतोय. डिस्टिल्ड वॉटरचं युनिट घासलं, स्टार्च नवा केला. दिवस त्यातच गेला.

९ फेब्रुवारी

एका कॉलेजात एम.एस्सी.च्या मुलांसमोर बोलायला बोलावलं होतं. नदीबद्दल बोलून झाल्यावर पहिला प्रश्न अपेक्षेप्रमाणे: “मॅडम, यात करिअर आहे का?”

जे खरं आहे ते सांगितलं. प्रदूषण नियंत्रण मंडळात क्षेत्र अधिकाऱ्याच्या जागा आहेत, पण जाहिरात कधी निघेल याचा भरवसा नाही. खासगी लॅबमध्ये काम लगेच मिळतं. तिथे बहुतेक वेळ कारखान्यांच्या सांडपाण्याच्या बाटल्या गोळा करण्यात जातो, पण हात चांगला तयार होतो. कारखान्याच्या सांडपाणी प्रक्रिया केंद्रावर नोकरी केलीत तर नाल्यात काय येतं आणि रात्रपाळीला का येतं हे जितकं समजेल तितकं कुठल्याही पुस्तकातून समजणार नाही. सल्लागार कंपन्यांत पर्यावरणीय आघात मूल्यांकनाचे अहवाल लिहिता येतात. संशोधनात नेट झालेल्याला जेआरएफ ही शिष्यवृत्ती, २०२३ पासून महिना ३७,००० रुपये. बाकी आमच्यासारखे प्रकल्पांवर, एका मार्चपासून दुसऱ्या मार्चपर्यंतच्या करारावर.

एकाने विचारलं, तुमच्या आकड्यांवर एखाद्यावर केस होते का? नाही. जल अधिनियम १९७४ च्या कलम २१ प्रमाणे घेतलेलं सॅम्पलच कोर्टात चालतं: कारखानदाराला नोटीस, त्याच्यासमोर सॅम्पलचे दोन भाग, सील, सह्या. ते अधिकार मंडळाचे. माझी बाटली कायद्याच्या दृष्टीने नुसतं पाणी. मग तुम्ही करता कशाला, असा पुढचा प्रश्न कुणी विचारला नाही, पण तो खोलीत होता. माझं उत्तर असं की कुठे आणि किती वाजता सील लावायला जायचं हे कुणीतरी आधी शोधून ठेवावं लागतं.

मुली जास्त होत्या. नदीवर एकटं जावं लागतं का, घरचे काय म्हणतात, बंधाऱ्यावर लघवीची सोय काय, हे त्यांनी नंतर व्हरांड्यात विचारलं. हॉलमध्ये विचारलेल्या प्रश्नांपेक्षा हे जास्त कामाचे होते. एकटं जायचं नाही, दोघींनी जायचं, आणि काठावरच्या एका घराशी ओळख ठेवायची.

१४ मार्च

आज दुपारी बाराला २४ तासांची मोजणी सुरू केली, बंधारा ४ वरच. प्रोब सलग, दर तीन तासांनी विंकलर. मामांची होडी, त्यांच्याच घरचं जेवण. लॅबमध्ये रात्री बसायची परवानगी नव्हती, म्हणून टायट्रेशनचं सामान इथल्या शाळेच्या व्हरांड्यात मांडलंय.

दुपारी तीनला पाणी हिरवट. २८ अंश सेल्सियसला इथल्या उंचीवर पाण्यात साधारण सव्वासात मिलिग्रॅम प्राणवायू मावतो. आम्हाला त्याहून बराच जास्त मिळाला. असिस्टंट खूश झाली, म्हणाली, पाणी सुधारलं. उलट आहे. सांडपाण्यातल्या नायट्रोजन-फॉस्फरसवर शेवाळ माजलं की दिवसा ते उन्हात इतका प्राणवायू सोडतं की पाण्यात मावत नाही. दुपारी जितका वर, रात्री तितका खाली. अंधारात तेच शेवाळ श्वास घेतं आणि तळाचा गाळही.

पीएच (पाणी किती आम्ल, किती अल्कली याचं माप) दुपारी ९ च्या जवळ गेला. शेवाळ पाण्यातला कार्बन डायऑक्साइड ओढून घेतं त्यामुळे. हे वाटतं त्यापेक्षा गंभीर आहे. सांडपाण्यातला अमोनिया ७ पीएचला जवळजवळ सगळा अमोनियम रूपात असतो, मुक्त अमोनिया एक टक्काही नाही. २५ अंशांना पीएच ८ झाला की पाच टक्के, ९ झाला की तिसऱ्या हिश्श्याहून जास्त. माशांच्या कल्ल्यांना तो मुक्त अमोनिया झोंबतो. दुपारी अमोनिया, पहाटे गुदमर. मासा यातून दोनदा जातो, आणि आमचं अकराचं सॅम्पल बरोबर या दोन्हींच्या मध्ये येतं.

१५ मार्च, सकाळ

रात्री बाराला साका फिकट तपकिरी. तीनला दुधात चहाचे चार थेंब पडावेत इतकाच रंग. पाच वाजता बॅटरीच्या उजेडात बाटली उलटसुलट केली, साका पांढरा. असिस्टंटला वाटलं अझाइड घालायचं राहिलं. दुसरी बाटली भरली. तीही पांढरी.

कटला पृष्ठभागावर येऊन तोंड उघडझाप करत होते. मामा काही बोलले नाहीत, नुसतं होडीचं तोंड तिकडे वळवलं.

साडेसातला रंग परत यायला लागला. अकराला पाचच्या वर. गेल्या प्रत्येक महिन्यासारखा.

३१ मार्च

करार काल संपला. नवा १ एप्रिलपासून, एक दिवसाचा खंड दाखवून. आज पगार नाही, पण इन्क्युबेटरमध्ये बाटल्या आहेत, त्यांना खंड कळत नाही. रीडिंग घेऊन घरी आले.

२२ एप्रिल

केंदाळ. बंधारा ३ च्या वर या काठापासून त्या काठापर्यंत. पुण्याकडे जलपर्णी म्हणतात. केंदाळाखाली उजेडच जात नाही, म्हणून शेवाळ नाही, म्हणून दुपारचा फुगलेला आकडाही नाही. दिवसरात्र सारखाच कमी. गेल्या दोन फेऱ्यांत इथे सॅम्पल पुलाच्या खांबाजवळच्या मोकळ्या जागेतून घेतलं होतं, कारण बादली तिथेच पडते. आज होडीतून केंदाळ बाजूला सारून खालून घेतलं. दोन बाटल्यांत दहा पावलांचं अंतर, पण साक्याचा रंग बघून कुणीही दोन नद्या म्हणाला असता. वेळेच्या रकान्यापुढे ‘नेमकी जागा’ हाही रकाना वाढवला.

संध्याकाळी इचलकरंजीत नागरिकांची बैठक होती, ऐकायला गेले. २०१२ च्या काविळीच्या साथीचा विषय निघाल्याशिवाय तिथे पाण्यावर बोलणं होत नाही, आणि ते योग्यच आहे. लोकांनी त्यात घरची माणसं गमावलीत. पंचगंगेच्या काठावरचं शहर कृष्णेचं पाणी मजरेवाडीहून आणतं, वारणेचं दानोळीहून मागून झालं, आता दूधगंगेचं सुळकूडहून मागतंय, आणि दरवेळी तिकडची गावं विरोधाला उभी राहतात. त्यांचंही चूक काय? स्वतःची नदी वापरता येत नाही म्हणून दुसऱ्याची, हे कोण कबूल करेल.

एका आजोबांनी विचारलं, नळाच्या पाण्यात कोलिफॉर्म शून्य आला म्हणजे कावीळ होणार नाही ना? तशी हमी देता येत नाही. कोलिफॉर्म ही मैला मिसळल्याची खूण आहे. क्लोरिनने ते जिवाणू लवकर मरतात, काही विषाणू जास्त तग धरतात. शून्य आला तरी पाईप कुठे फुटलाय, गटार कुठून शेजारून जातंय हे पाहावंच लागतं. हे ऐकून ते समाधानी झाले नाहीत. मीही झाले नसते.

३० मे

पावसाच्या आधी बरगे काढायला घेतले. मामांचा काल रात्रीच फोन: “उद्या काढनार हायेत. येनार असशीला तर रातीच या.”

वरचं तुंबलेलं पाणी सुटलं की सात-आठ महिन्यांचा तळाचा काळा गाळ त्याबरोबर उठतो. त्यात सडक्या अंड्याचा वास, म्हणजे हायड्रोजन सल्फाइड. असा गाळ पाण्यात मिसळला की उरलासुरला प्राणवायू तासाभरात खाऊन टाकतो. आम्ही बंधारा ४ च्या खाली दोन ठिकाणी लॉगर (आकडे आपोआप नोंदवणारी यंत्रं) लावून ठेवले होते. लाट आली तसा आलेख सरळ खाली.

मेलेले मासे मोजताना असिस्टंटला एक गोष्ट दाखवली. कटला, रोहू, मोठे आधी. मोठ्या माशाला प्राणवायू जास्त लागतो. मरळ मात्र एकही मेलेली नाही, कारण ती पृष्ठभागावर येऊन हवेतून श्वास घेते. म्हणजे हे गुदमरून मेलेत. विष असतं तर मरळही वाचली नसती. ‘अज्ञात कारणाने मासे मृत’ असं उद्या छापून येईल, त्याआधी एवढं तरी कागदावर असावं. कोणत्या जातीचे मेले आणि कोणते नाहीत, किती वाजता पहिल्यांदा दिसले, वारा कुठून होता, हे सगळं मामांना विचारून लिहिलं. त्यांची वेळ आणि लॉगरची वेळ यांत फारसा फरक नाही.

बरगे सगळे एकदम न काढता वरच्या बंधाऱ्यापासून टप्प्याटप्प्याने, थोडे थोडे काढले तर ही लाट विरळ होईल असं मला वाटतं. पाटबंधाऱ्याच्या माणसाला बोलले. तो म्हणाला, पाऊस थांबणार आहे का तुमच्यासाठी? त्याच्याही डोक्यावर पुराचं ओझं आहे. पण आठ दिवस आधी सुरुवात करता येते का, हे विचारायला हरकत नाही.

१२ जून

आढावा बैठक. एका सदस्यांचं म्हणणं, वर्षाची सरासरी द्या, मागच्या वर्षांशी तुलना सोपी जाते. सरासरीत डीओ निकषात बसतो. मी म्हटलं, मासा सरासरीवर जगत नाही. किमान आकडा आणि तो किती वाजताचा हे दोन रकाने हवेत.

दुसऱ्या एकांचा मुद्दा जास्त वजनदार होता. सीपीसीबीच्या २०१८ च्या यादीत देशातले ३५१ प्रदूषित नदीपट्टे होते, त्यांतले ५३ महाराष्ट्रातले, सर्वांत जास्त; पंचगंगा त्यात आहे. ती यादी बीओडीवर ठरते, ३ च्या वर गेला की पट्टा यादीत. मग पहाटेच्या डीओने यादीतलं काय बदलणार? यादीतलं काही बदलणार नाही, हे मान्य केलं. पण बीओडी सांगतो पाण्यात किती घाण कुजायची बाकी आहे. ती कुजताना कुणाचा जीव कधी जातो हे तो सांगत नाही. पंप कधी चालवायचे, बरगे कसे काढायचे, नाल्यावर रात्री कुणी उभं राहायचं, हे ठरवायला नेमका तास माहीत असावा लागतो.

बराच वेळ चर्चा झाली. चहा दोनदा आला.

वेळेचा आणि जागेचा रकाना मंजूर. मार्च ते मे पहाटेचं सॅम्पलिंग मंजूर, पण दोनच बंधाऱ्यांवर. सरासरीही राहणार, आमच्या आलेखाच्या वर.

२५ जून

पाणी चढतंय, बंधारे बुडाले, सॅम्पलिंग बंद. राजाराम बंधाऱ्याची पातळी तासातासाला प्रत्येकाच्या मोबाइलवर येतेय. ३९ फूट इशारा, ४३ फूट धोका, हे जिल्ह्यातल्या शाळकरी पोरालाही पाठ आहे. २०१९ आणि २०२१ च्या पुरांनंतर तर कुणी विसरणं शक्यच नाही. एका खांबावरचा एक आकडा, तासागणिक, सगळ्यांना समजेल असा. बंधारा ४ वर कायमचा लॉगर बसवून पहाटेचा डीओ असाच पाठवता येईल का, त्याचा प्रस्ताव असिस्टंट लिहितेय. प्रोब दर आठवड्याला कोण पुसणार, या रकान्यात तिने मामांचं काम मानधनासह धरलंय. मी मानधनाचा आकडा थोडा वाढवला.

पुढच्या मार्चसाठी अजून मिटायचं: पहाटे साडेतीनला गाडी निघायची तर ड्रायव्हरचा रात्रभत्ता कुठल्या शीर्षाखाली टाकायचा. लेखा विभागाने ‘प्रवास’मध्ये बसत नाही म्हणून कागद परत पाठवलाय. ‘आकस्मिक खर्च’ लिहून उद्या पुन्हा देणार.